पाचवा थर

अण्णांनी पोत्यात गुंडाळून आणलेली पट्टी मी फरशीवर ठेवली, तर ती डुगडुगली. आमच्या खोलीची फरशी उंचसखलच आहे, म्हणून मी ती उचलून ओट्यावर ठेवली. तिथेही डुगडुगली. मग डोळ्यांसमोर आडवी धरून पाहिलं. लांबीच्या दोन्ही कडा वर उचलल्या होत्या, उथळ पन्हळीसारख्या. मंगळवारची संध्याकाळ होती आणि गुरुवारी सकाळी दहाला पालघरच्या कॉलेजात तिची परीक्षा होती. तिची म्हणजे माझीच.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी कॉम्पोझिटचा विषय घेतला होता. काचेच्या धाग्यांचं कापड रेझिनमध्ये भिजवायचं, थरावर थर चढवायचे, आणि त्यातून जे तयार होतं त्यावर किती भार टाकला तर ते किती वाकेल, कुठे फाटेल, हे आधी कागदावर काढायचं. विमानाचे पंख, पवनचक्कीची पाती अशीच करतात. मी हा विषय घेतला तो निव्वळ फुशारकीनं. माझे वडील, म्हणजे अण्णा, तारापूर एमआयडीसीत एका शेडमध्ये फायबरचं काम करतात. अॅसिडच्या टाक्या बनवतात, बावीस वर्षं झाली. रेझिनचा तो उग्र वास मी लहानपणापासून त्यांच्या शर्टाला हुंगत आले. मला वाटलं, हा विषय तर घरचाच आहे. वर्गात गेले तर फळाभर आकड्यांच्या चौकटी. आमच्या शेडमध्ये त्यातली एकही कधी कुणी पाहिली नव्हती. पहिल्या चाचणीत मला तीसपैकी सात पडले.

हा विषय शिकवणाऱ्या मॅडम हसत नसत आणि रागवतही नसत. त्यांनी मला बोलावून सरळ सांगितलं, की प्रोजेक्टही गेला तर टर्म ग्रँट होणार नाही, आणि टर्म नाही तर परीक्षेला बसायचं नाही. म्हणजे वर्ष गेलं. वर्ष गेलं की पुण्याच्या कंपनीचं पत्रही गेलं, कारण त्यात स्वच्छ लिहिलं होतं की जुलैत रुजू व्हायचं ते सगळे विषय सुटून. हे पत्र अण्णांनी शेडमध्ये सगळ्यांना दाखवलं होतं. तिथले बिहारकडचे कामगार मला रस्त्यात गाठून विचारायचे, "बिटिया, कब जा रही हो?" मी म्हणायचे, जुलैत.

प्रोजेक्ट ऐकायला सोपा होता. हातभर लांब, वीतभर रुंद अशी पट्टी करायची. दोन टेकूंवर ठेवून मधोमध वजनं टांगायची. पट्टी किती मिलिमीटर वाकेल तो आकडा आधीच बंद पाकिटात द्यायचा. प्रत्यक्षात दोन मिलिमीटर इकडे किंवा तिकडे चालेल, त्यापलीकडे नापास. एकानं विचारलं, की कमी वाकली तर बरंच ना, पट्टी मजबूत झाली. मॅडम म्हणाल्या, "मला मजबूत पट्टी नकोय. तुम्ही सांगाल तशी वागणारी पट्टी हवी." पाकिटात आणखी एक कागद होता. ही पट्टी मी स्वतःच्या हातानं केली आहे, दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही, अशा मजकुराखाली सही करायची.

कापड मॅडमनीच मोजून दिलं. सगळे धागे एकाच दिशेनं जाणारं, चार थरांपुरतं आणि वर एक तुकडा, कापताना चुकलं तर. माझा हिशोब चार थरांचा होता. उभा, आडवा, आडवा, उभा. मधोमध आरसा धरला तर वरचं खाली दिसलं पाहिजे, हा ह्या विद्येतला पहिला धडा. रेझिन सुकताना आक्रसतं. दोन्ही अंगांनी सारखं ओढलं गेलं तरच पट्टी सपाट राहते. माझा आकडा अठरा आला होता. तीनदा काढला, तीनदा अठराच आला.

कॉलेजच्या लॅबमध्ये नंबर लागेना, तेव्हा अण्णांनी मालकांना विचारून रविवारी शेड उघडून घेतली. मी त्यांना आधीच बजावलं, की हात लावायचा नाही. ते म्हणाले, रोलर तरी धरू दे. मी म्हटलं, नाही म्हणजे नाही. बिचारे हात पाठीमागे बांधून उभे राहिले. रेझिनमध्ये हार्डनर टाकताना त्यांचा हात दोनदा पुढे आला आणि दोनदा मागे गेला. चार थर मी माझ्या हातानं चढवले, बुडबुडे काढले, कडा दाबल्या. मग हात धुवायला बाहेरच्या नळावर गेले. रेझिन साबणानं निघत नाही, भुसा चोळून चोळून काढावं लागतं. मला दहा मिनिटं तरी लागली असतील. परत आले तर अण्णा पट्टीवर प्लॅस्टिकचा कागद अंथरून उभे होते. म्हणाले, धूळ बसंल. सोमवारी मी कॉलेजात पाकीट दिलं, खाली झोकात सही करून.

आणि मंगळवारी ही डुगडुगणारी पट्टी. अण्णांनी ती हातात घेऊन इकडून तिकडून पाहिली, म्हणाले, वर वजन ठेव, सरळ व्हईल, आणि जेवायला बसले. मी वहीत तोंड खुपसलं. सगळं बरोबर होतं आणि पट्टी वाकडी होती. आई दोनदा जेवायला बोलावून थकली. मी तिच्यावरच वसकन ओरडले. तशी मी तोंडाची तिखटच आहे, नाही म्हणायचं कारण नाही.

बुधवारी सकाळी उठल्यावर सुचलं, की पट्टीचं वजन करून पाहावं. अण्णा पहिल्या पाळीला गेले होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सातपाटीची एक मावशी मासळीची टोपली घेऊन बसते. तिच्याकडे बॅटरीवरचा काटा आहे. मी पट्टी पुढे केली तशी ती म्हणाली, "काय गो, ह्या कसला मासा?" मी सांगितलं, फायबरची पट्टी, कॉलेजची. तिनं ओला हात पदराला पुसला, पट्टी काट्यावर आडवी टाकली आणि वाकून कडा पाहिल्या. "आमच्या बोटीला पन फायबर हाय. पन ता असा वाकडा नाय."

काट्यावरचा आकडा माझ्या वहीतल्या आकड्यापेक्षा बरोब्बर एक चतुर्थांशानं जास्त होता. बरोब्बर. मी घरी येऊन पट्टीची कड पाण्यानं घासली, दारातल्या उजेडात नेली आणि भिंगातून मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. मॅडमनी दिलेला वरचा तुकडा कुठे गेला, हा प्रश्न मला त्या क्षणापर्यंत पडलाच नव्हता.

आमच्याकडे आई रोज माणशी हिशोबापेक्षा एक भाकरी जास्त थापते. ती दुरडीत राहते, तिला कुणी हात लावत नाही. सांगोल्याकडची रीत आहे, दुरडी रिकामी ठेवू नये, दारात कोण कधी येईल सांगता येत नाही. अण्णांचं टाक्यांचं तेच. कागदावर सहा थर लिहिलेले असले की ते सात टाकतात. पहिले मालक कुरकुरले, मग गप्प झाले, कारण अण्णांच्या हातची टाकी गळते म्हणून कधी परत आली नाही. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून मी दहा मिनिटं त्यांना पट्टीजवळ एकटं सोडलं.

तीन वाजता पाळी सुटते. मी पट्टी घेऊन पावणेतीनलाच शेडच्या दारात उभी होते. आता दुसरी पट्टी करायची म्हटलं तर तसलं कापड शेडमध्ये नव्हतं, आणि असतं तरी एका रात्रीत सुकली नसती. पाचव्या थरासकट नेली तर ती सात-आठ मिलिमीटरच्या वर वाकली नसती, कारण पन्हळ झाल्यावर पत्राही ताठ होतो. मॅडमना खरं सांगावं, तर मी खोटी सही केली असं झालं असतं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. अण्णा डबा घेऊन बाहेर आले, त्यांच्यामागे दोन कामगार होते. मी तिथेच विचारलं, पाचवा थर तुम्ही टाकलात का?

"एक वरचा टाकला," ते म्हणाले. "तुकडा तसाच पडला हुता. कमी पडण्यापरीस आसल्याला बरा."

त्यानंतर मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. आठवू नये असं वाटतं, तरी आठवतं. "बावीस वर्षं तुम्ही काय करताय ते तुमचं तुम्हालाच माहीत नाही," मी म्हणाले. दोन्ही कामगारांना मराठी चांगलं समजत होतं. एकानं मान खाली घातली, दुसरा सायकल शोधायला निघून गेला.

अण्णांनी डबा माझ्या हातात दिला, पट्टी घेतली आणि तिच्यावरून अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. चौथा थरही उभा होता आणि पाचवाही उभाच. दोन्हींचे धागे एकाच दिशेनं, मधली सीमा वरून डोळ्यांनी दिसणारी नव्हती. थराची जाडी अर्धा मिलिमीटर. जरा खोल गेलं की माझा चौथा थर कापला जाणार, आणि मग ती पट्टी कुणाचीच राहणार नव्हती. मी हे सगळं भरभर सांगून टाकलं. म्हटलं, नाही निघायचा तो आता.

"म्या लावलाय," अण्णा म्हणाले. "म्याच काढतो."

आत गेल्यावर ग्राइंडर समोर टांगलेला होता, त्याला त्यांनी हात लावला नाही. लाकडाच्या ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळला आणि मला पट्टी टेबलावर दाबून धरायला सांगितली. मग्यातून थेंब थेंब पाणी सोडायचं कामही माझंच. एका लांबीत ठोकळा जायचा, दुसऱ्या लांबीत यायचा. मध्ये थांबणं नाही, जोर देणं नाही. पाण्याबरोबर राखाडी चोथा वाहत होता, त्यात काचेचे कण चमकत होते. मनगटापर्यंत खाज सुटली तरी मला हात हलवायची सोय नव्हती. पाऊण तास झाला असेल. मी दर दोन मिनिटांनी म्हणत होते, बस आता, बघू या. ते ऐकत नव्हते. डोळे मिटल्यासारखे करून घासत होते, तेव्हा मला त्यांचा इतका राग आला की ठोकळा हिसकावून घ्यावा असं वाटलं.

मध्येच एकदा त्यांनी सांगितलं, की तो थर टाकण्याआधी त्यांनी रोलर दाबून खालचं रेझिन वर काढलं होतं. दोन्हींच्या मध्ये नुसत्या रेझिनचा पापुद्रा असणार, त्यात धागा नाही. तिथे पोचलं की चोथ्यातली चमक जाईल, चोथा पिठासारखा पांढरा होईल. मी पाण्याकडे पाहत राहिले. चमक होती, चमक होती, डाव्या टोकाला ती गेली. अण्णांनी ते टोक सोडलं. मग मधे गेली, तेही सोडलं. उजव्या कोपऱ्यात रुपयाएवढा डाग चमकत राहिला. तिथे त्यांनी ठोकळा बाजूला ठेवला आणि पेपर नुसत्या बोटाला गुंडाळून घासलं. आणि थांबले.

"झालं. हितनं म्होरं तुझं हाय."

पट्टी पुसून मी टेबलावरच्या काचेवर ठेवली. डुगडुगली नाही. उरलाच असेल बाक तर केसाएवढा. शेडमधल्या रेझिनच्या काट्यावर वजन केलं, माझ्या वहीतल्या आकड्यापेक्षा चार ग्रॅम जास्त. मला रडू फुटेल असं वाटलं, पण फुटलं नाही. मी साधं बरं झालं एवढंही म्हणाले नाही. अण्णा हात धुऊन आले आणि घरी जाताना रस्त्यात एवढंच बोलले, की उद्या कुणी इचारलं तर माझं नाव काढू नगंस.

गुरुवारी पालघरच्या एसटीत मी पट्टी चादरीत गुंडाळून मांडीवर घेतली आणि वाटभर खिडकीकडे पाहिलं नाही. माझा नंबर सहावा होता. माझ्या आधीच्या पाचांत तिघे नापास झाले. एकाची पट्टी तर टेकूवरून सटकली. माझी ठेवली, मॅडमनी मधे वजनाचा हुक अडकवला, खाली मोजायचा डायल लावला. एकेक वजन चढत गेलं, तसा डायलवरचा आकडा. पाच. नऊ. तेरा. शेवटचं वजन टांगलं. डायलचा काटा सरकला, थरथरला आणि साडेसतरावर थांबला.

मॅडमनी पाकीट फोडून माझा आकडा मोठ्यानं वाचला. मग पट्टी उतरवली, उजेडाकडे धरली आणि वरच्या अंगावरून अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. अगदी तसाच. वर का घासलं आहे, असं त्यांनी विचारलं. मी उत्तर तयार ठेवलं होतं, की रेझिन जास्त झालं होतं.

"कुणी घासलं?"

पाकिटातला सहीचा कागद त्यांच्या हाताखालीच होता. मी म्हणाले, "मी."

मॅडम म्हणाल्या, एवढा सारखा हात त्यांनी फार कमी जणांचा पाहिला आहे, कुठे शिकलीस. मी सांगितलं, बघून बघून. त्यांनी वहीत पास लिहिलं. पट्टीवर मार्करनं माझं नाव आणि रोल नंबर घालून ती बाजूला ठेवली, नमुन्यांच्या कपाटासाठी. मला आनंद झाला का? झाला. खोटं कशाला सांगू, जिन्यावरून मी उड्या मारत उतरले. बसस्टँडवर पोचेपर्यंत तो उतरलाही होता.

संध्याकाळी अण्णांनी चहाचा कप खाली ठेवत विचारलं, किती वाकली. मी सांगितलं. सांगितल्याली तेवढीच का, त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग म्हणाले, "घासल्यालं कुनी इचारलं का?"

"विचारलं."

"काय सांगितलंस?"

"मी घासलं म्हणून सांगितलं."

"ब्येस केलंस," ते म्हणाले, आणि उठून मोरीत गेले. हात धुवायचा आवाज बराच वेळ येत राहिला.

पंधरा दिवसांनी मॅडमनी वर्गात सुरक्षा गुणक शिकवला. हिशोबात जेवढं येतं त्याच्यापेक्षा जास्त द्यायचं, कारण कामगाराचा हात, हवेतला दमटपणा, आत काय ओतलं जाईल, हे कागदाला कळत नाही. मी वही मिटून बसले. अण्णांचा वरचा थर दुसरं काय होता? सपाट पट्टीत त्यानं घात केला. गोल टाकीत तो बावीस वर्षं लोकांना अॅसिडपासून वाचवत होता. घरी जाऊन हे त्यांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सांगायचं म्हणजे शेडच्या दारातलं ते वाक्य मागे घ्यावं लागलं असतं, आणि तेवढा दम माझ्यात नव्हता. पुढे पुण्याला गेल्यावर आईनं एकदा फोनवर सहज सांगितलं, की मालक हल्ली खूश आहेत, माल वाचतोय, अण्णा आता कागदावर असतील तेवढेच थर टाकतात.

पदवीच्या दिवशी मी दोघांना कॉलेजात नेलं. आईला झाडाखाली बसवून अण्णांना वरची लॅब दाखवायला घेऊन गेले. दारातच काचेचं कपाट होतं आणि मधल्या फळीवर माझी पट्टी. खाली छापील चिठ्ठी, आराखडा आणि निर्मिती, पुढे माझं नाव. अण्णा अक्षर लावत वाचतात. त्यांनी दोनदा वाचलं. शेजारी वाणगावकडचे एक गृहस्थ आपल्या मुलाचं नाव शोधत होते. त्यांनी विचारलं, ही पट्टी तुमच्या मुलीची का.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. अण्णांनी माझा दंड धरला.

"पोरीनं केलीया," ते म्हणाले. "एकटीनं."

ते गृहस्थ पुढे गेले. अण्णा मात्र कपाटासमोरून हलेनात. गुडघ्यावर हात टेकून खाली वाकले, डोळे पट्टीच्या पातळीला आणले आणि एक डोळा मिटून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"कड उचलली न्हाई अजून," ते हळूच म्हणाले.